सासूबाईंच्या हाताला कॉल लाईट लागतच नाही. कुणाकडे मागायचं, आणि नेमकं काय मागायचं?

अबोली

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

सासूबाई न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये आहेत. नाव देत नाही, विचारूही नका. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला, त्यामुळे डावा हात-पाय गेल्यात जमा. बोलणं शाबूत आहे, डोकंही बऱ्यापैकी जागेवर आहे, पण डावीकडे काही असतं हेच त्यांना जाणवत नाही. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. डावीकडून कुणी बोललं तर त्या उजवीकडे बघतात. थेरपिस्ट याला 'लेफ्ट निग्लेक्ट' म्हणते.

आता बघा, त्यांच्या पलंगाचं भिंतीतलं सॉकेट डावीकडे आहे. वायर तिथून येते, म्हणून कॉल लाईटचं, म्हणजे नर्सला बोलवायचं, बटण कायम डाव्या कठड्याला अडकवलेलं. जो हात हलत नाही त्याच्याशी, आणि जी बाजू त्यांच्या लेखी नाहीच त्या बाजूला! मी गेले की उजवीकडे आणून ठेवते, पुढच्या खेपेला पुन्हा डावीकडे. दुपारी व्हीलचेअरवर खिडकीशी बसवतात तेव्हा तर बटण पलंगावरच राहतं. मग त्या हाका मारतात. आणि नर्स मला सांगते, "त्या बटण वापरत नाहीत, ओरडतात." वर तक्रारीचा सूर.

परवा त्या एकट्याच उठायला गेल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी स्वतःचं बटण दाबलं म्हणून निभावलं.

याला काही नियम आहे की ज्या त्या ठिकाणची मर्जी? तोंडी सांगायचं की लेखी? वेगळ्या प्रकारचं बटण मिळतं का? नवरा म्हणतोय ऑनलाइन वायरलेस घंटी मागवू आणि देऊ ठेवून.

रात्रपाळी

अबोली, मी नर्सिंग होममध्येच आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, आणि आयडीवरून पाळी कळली असेलच. आधी नियमाचं सांगते.

नियम आहे आणि तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आहे. मेडिकेअर किंवा मेडिकेडचे (सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला लागू. फेडरल नियमसंहितेत, ४२ सीएफआर ४८३.९० मध्ये, कॉल सिस्टीमचं कलम आहे. रहिवाशाला पलंगापासून, तसंच संडास आणि आंघोळीच्या जागेतून, थेट कर्मचाऱ्यापर्यंत किंवा नर्सेस स्टेशनपर्यंत हाक पोहोचवता आली पाहिजे. जुन्या नियमात नुसतं 'खोलीतून' होतं. २०१६ साली सगळे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा त्याचं 'प्रत्येकाच्या पलंगापासून' झालं आणि हा भाग २८ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला. तपासनिसांच्या भाषेत हा एफ-टॅग (दोषाचा क्रमांक) ९१९.

पण तुझ्या कामाचा टॅग दुसराच आहे, ५५८. रहिवाशाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही संस्थेची जबाबदारी, असा तो आहे. सिस्टीम चालू आहे, दारावरचा दिवा लागतो, स्टेशनवर आवाज येतो, सगळं ठीक. तरीही बटण लुळ्या हाताशी असेल तर ५५८ खाली ठपका बसू शकतो. "वायर तर पुरते ना" हे उत्तर तिथे चालत नाही. पुरते कुणाच्या हाताला, हा प्रश्न असतो.

राज्याचे सर्व्हेअर (तपासनीस) न सांगता येतात, आणि दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर असू नये असा दंडक आहे. खोलीत पाऊल टाकलं की ते वायरचा माग काढतात. बटण जमिनीवर असतं, गादी आणि कठड्याच्या फटीत असतं, पलंगामागे लोंबत असतं, टीव्हीच्या रिमोटबरोबर ड्रॉवरमध्ये गेलेलं असतं. मग रहिवाशालाच विचारतात, मदत लागली तर काय करता? "ओरडतो" असं उत्तर आलं की आमच्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता आतली गोष्ट. बटण मुद्दाम लांब ठेवणारी माणसं मी फार कमी पाहिली. ते हरवतं हलवाहलवीत. चादर बदलताना उचलून बाजूला टाकलं जातं. डायपर बदलताना बाईंना कुशीवर वळवलं की पाठीमागे राहतं. जेवणाचा ट्रे आला की टेबल पुढे सरकतं आणि वायर चाकात. होयर लिफ्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) खुर्चीत बसवताना दोघी सीएनएंचं (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसांचं) लक्ष पट्ट्यांवर आणि पायांवर असतं, ते तिथेच असायला हवं. त्यानंतर ब्रेक लावला, मांडीवर शाल टाकली, झालं. बटण पलंगावर.

म्हणून "बटण जवळ ठेवा" एवढंच केअर प्लॅनमध्ये (देखभालीच्या लेखी आराखड्यात) लिहून घेऊ नकोस. ते सगळ्यांच्याच प्लॅनमध्ये छापील असतं आणि कुणी वाचत नाही. बाजू लिहून घे. पलंगावर असताना कुठे आणि खुर्चीत असताना कुठे, दोन्ही लिहून घे. आणि ज्याने शेवटी हलवलं त्याने खोलीतून निघण्याआधी ठेवायचं, मग तो सीएनए असो, थेरपीवाला असो नाहीतर रक्त घ्यायला आलेला, हेही लिहून घे.

तिरकस

सगळं खरं, पण एक विचारू? त्या सीएनएकडे एका पाळीत किती माणसं असतात हे कुणी लिहिणार आहे का? कागदावर उजवी बाजू-डावी बाजू लिहून काय होणार, तीन दिवे एकदम लागले की ती कुठे कुठे धावणार. आपण नियम दाखवायचे आणि बोलणी खायची त्या बाईने.

रात्रपाळी

@तिरकस, माणसं कमी असतात हे शंभर टक्के खरं. आणि ऐका, दिवा लागल्यावर किती मिनिटांत यायचं याचा आकडा फेडरल नियमात नाहीच. पण बटण हाताशी ठेवायला माणसं वाढवावी लागत नाहीत. निघताना पाच सेकंद लागतात. उलट ज्याच्या हाताशी बटण नाही तो स्वतः उठतो, पडतो, आणि मग पूर्ण पाळी त्यातच जाते: तपासणी, डॉक्टरांना फोन, घरच्यांना फोन, न्यूरो चेक, इन्सिडेंट रिपोर्ट. ही गोष्ट सीएनएंना कुणी सांगावी लागत नाही.

हातखंडा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं रुग्णाला पुन्हा जमावीत म्हणून काम करणारा. उशिरा आलो धाग्यावर, पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबेल.

कॉल लाईट म्हणजे ते पेनासारखं टोक आणि त्यावर लाल बटण, असंच बहुतेकांना वाटतं. ते दाबायला काय काय लागतं बघा. दांडा मुठीत धरायचा, अंगठा सुटा करून टोकावर आणायचा, आणि नेमका जोर द्यायचा. संधिवाताने बोटं वाकलेल्या माणसाला, पार्किन्सन्सवाल्याला, स्ट्रोकनंतर मूठ आवळून बसलेल्या हाताला यातलं एकही जमेलच असं नाही. बटण तळहातावर ठेवलं तरी ते 'आवाक्यात' नाही.

त्यासाठी दुसरे प्रकार असतात. सगळ्यात जास्त उपयोगी म्हणजे टच पॅड. चपटी गोल किंवा चौकोनी गादी असते, हाताच्या मागच्या बाजूने, कोपराने, गालानेसुद्धा दाबली तरी चालते. मूठ उघडत नसेल तर मनगटाखाली ठेवायची. दुसरा प्रकार रबरी फुग्याचा, मुठीत धरून पिळायचा. अंगठा चालत नाही पण मूठ वळते त्यांना हा बरा. मानेखाली काहीच हलत नसेल तर फुंकर मारून चालणारा कॉल असतो, लवचिक दांड्यावर तोंडाजवळ बसवलेली नळी. ती इंचभर जरी सरकली तरी माणूस पूर्ण तुटला, म्हणून तिथे रोज नव्हे, दर वेळी तपासणी.

पॅडचा एक ताप आहे, आधीच सांगतो. कंप असलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवलं की दिवा सारखा लागतो. दोन दिवसांत स्टाफ वैतागतो आणि पॅड हळूच लांब सरकतं. त्यामुळे जागा शोधावी लागते. हात विसावतो तिथे ठेवायचं नाही, हात मुद्दाम नेला तरच लागेल अशा ठिकाणी ठेवायचं. ही जागा थेरपिस्टने रुग्णाबरोबर बसून काढायची असते.

अबोली, तुमच्या सासूबाईंचा उजवा हात चांगला असेल तर साधं बटणही चालेल, मात्र निग्लेक्टमुळे ते उजवीकडे *आणि* नजरेच्या टप्प्यात हवं. थेरपीत आम्ही डावीकडे बघायचा सराव करून घेतो, डाव्या कठड्यावर रंगीत पट्टी लावतो, "पट्टी दिसेपर्यंत मान वळवा" म्हणतो. पण तो सराव झाला थेरपीच्या तासात. मदतीची हाक ही सरावाची जागा नाही. काही ठिकाणी "त्यांना डावीकडे बघायची सवय लागावी म्हणून तिकडे ठेवतो" असं सांगतात, ते ऐकून घेऊ नका.

भेटायला जाल तेव्हा "हात पोहोचतो का?" असं विचारू नका, त्या हो म्हणतील. "दाबून दाखवा" म्हणा. उताणं असताना, कुशीवर असताना, पलंगाचं डोकं वर केलेलं असताना, खुर्चीत. पलंगाचं डोकं वर केलं की माणूस खाली घसरतो आणि खांद्याजवळ ठेवलेलं बटण कानामागे जातं. हे नुसतं बघून लक्षात येत नाही.

घंटीचं: नवऱ्याला सांगा, नको. ती ऐकणार कोण? स्टेशनवर तिची नोंद नाही, दारावर दिवा नाही, आणि एकदा ती खोलीत आली की "त्यांच्याकडे त्यांची घंटी आहे" म्हणून खरं बटण आणखी दुर्लक्षित. बाहेरून पॅड विकत घेऊ नका तेही यासाठीच, प्रत्येक सिस्टीमचा प्लग वेगळा असतो. पॅड देणं त्यांचं काम आहे.

अबोली

@हातखंडा, @रात्रपाळी, किती आभार मानू. "दाबून दाखवा" उद्याच करते. वायर डावीकडून उजवीकडे आणायची तर ती अंगावरून जाणार ना? गळ्याशी वगैरे काही...

हातखंडा

अंगावरून अजिबात नको. लांब वायर मागा, पलंगाच्या डोक्यामागून फिरवून उजवीकडे आणा आणि क्लिपने चादरीला किंवा उशीच्या अभ्र्याला लावा. कठड्याला गाठ मारू नका. कठडा खाली केला की बटण त्याच्याबरोबर जातं, आणि पलंग वर-खाली करताना वायर सांध्यात सापडून तुटते. मनगटाला बांधणं तर नकोच नको.

पाऊलवाट

आमची केस उलटी होती म्हणून लिहितो. बाबांना डाव्या मेंदूत स्ट्रोक, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द यायचा नाही. बटण डाव्या हाताशी नीट होतं, ते दाबायचेही. तरी कुणी यायचं नाही.

नंतर लक्षात आलं. बटण दाबलं की स्टेशनवरून इंटरकॉमवर विचारायचे, "काय हवंय?" बाबांना उत्तर देता यायचं नाही. तिकडून पुन्हा विचारायचे, मग चुकून दाबलं असेल म्हणून कॉल बंद. बाबांच्या बाजूने बघा, बटण दाबलं, भिंतीतून माणूस बोलला, आणि गेला.

आम्ही केअर प्लॅनमध्ये एकच ओळ घालून घेतली: या खोलीतला कॉल इंटरकॉमवर घेऊ नये, प्रत्यक्ष जावं. स्टेशनच्या पॅनेलवर त्या खोलीच्या दिव्याशेजारी छोटा ठिपका चिकटवला, तो बाहेरच्याला काही सांगत नाही पण स्टाफला सांगतो. फरक पडला.

रात्रपाळी

@पाऊलवाट, हा मुद्दा सोन्यासारखा आहे. ऐकू न येणाऱ्यांचंही असंच होतं. इंटरकॉमवर "येतेच" म्हटलेलं त्यांना कळत नाही, ते पुन्हा पुन्हा दाबतात आणि 'सारखं बटण दाबणारे' म्हणून बदनाम होतात. भिंतीतल्या स्टेशनवर बारीक दिवा असतो, कॉल गेला की लागतो. तो त्यांना दाखवून ठेवायचा, आणि तो दिसेल असा पलंग लावायचा. नजर अधू असेल तर उलट करायचं, बटणाला खडबडीत टेप लावायची आणि जागा कधीच बदलायची नाही.

गवतफूल

माझा अनुभव थोडा वेगळा. आईच्या हाताशी बटण असायचं, बोटंही चालायची. ती दाबायचीच नाही. "त्या पोरीला किती पळवायचं गं, आत्ताच तर येऊन गेली." आमच्या घरात आयुष्यभर तिने सगळ्यांचं उठून केलेलं, स्वतःसाठी घंटी वाजवून माणूस बोलवायचा हे तिला उद्धटपणाचं वाटायचं. शिवाय इंग्रजी येत नाही, येऊन काही विचारलं तर काय बोलायचं ही धास्ती. तासन्‌तास तहान मारून बसायची. लघवी दाबून धरायची.

मी समजावलं, भावाने समजावलं, उपयोग शून्य. शेवटी जी सीएनए दुपारी असायची तिलाच सांगितलं. ती फिलिपिनो होती, पन्नाशीची. तिने आईचा अंगठा धरून बटणावर ठेवला, दाबायला लावलं, दाराबाहेर गेली आणि लगेच हसत आत आली. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा आली. आई लाजून हसायला लागली. मग दाबायला लागली, नेहमी नाही पण लागली.

आणि मी एक पुठ्ठा करून दिला. पाणी, संडास, दुखतंय, थंडी वाजते, कूस बदला. वर चित्र, खाली मराठी आणि इंग्रजी. आई बोट ठेवायची. बटणापेक्षा त्या पुठ्ठ्याने तिला धीर आला असं मला वाटतं.

रात्रपाळी

@गवतफूल, आपल्या आयांचं हे अगदी असंच असतं. एक भर घालते, रहिवाशाला समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा फेडरल नियमांत लिहिलेला हक्क आहे. केअर प्लॅनच्या मीटिंगला दुभाषा मागता येतो. बटण कसं वापरायचं हे पहिल्या दिवशी इंग्रजीत सांगून सही घेतली म्हणजे शिकवलं असं होत नाही.

कोरा_कागद

माझ्या आईला डिमेन्शिया आहे. आम्हाला सरळ सांगितलं, "तिला बटण कळत नाही, त्यामुळे ठेवून काही उपयोग नाही." काढूनच टाकलंय. भिंतीत वायरच नाही, नुसता एक ठोकळा खुपसलेला आहे. हे चालतं?

रात्रपाळी

तो ठोकळा म्हणजे डमी प्लग. वायर ओढून काढली की बहुतेक सिस्टीम बोंबलतात, ते बोंबलू नये म्हणून घालतात. खोली रिकामी असताना ठीक आहे. आत माणूस राहत असताना तो तिथे का, हे लेखी विचारा.

"तिला कळत नाही" हे कुणी ठरवलं तेही विचारा. दर तिमाहीला एमडीएस नावाचं मूल्यांकन होतं, त्यात स्मृतीची छोटी चाचणी असते, १५ पैकी गुण. गुण कमी आले म्हणून बटण काढा असं त्यात कुठेही नाही. सकाळी बटण वापरणारी आणि संध्याकाळ झाली की गोंधळणारी माणसं मी रोज बघते. बटण हाताशी राहिलंच पाहिजे.

पण खरं सांगायचं तर तुमच्या आईची भिस्त बटणावर ठेवून भागणारही नाही. त्यांच्यासाठी दुसरी तजवीज प्लॅनमध्ये हवी. ठरावीक वेळाने फेरी, ठरावीक वेळाला संडासला नेणं, जेवणानंतर लगेच एकदा विचारणं, पलंग अगदी खाली. आणि त्या अस्वस्थ झाल्या की नेमकं काय करतात ते: चादर ओढतात, गाणं म्हणतात, एकच शब्द घोकतात. तीच त्यांची हाक. ते तुम्हालाच माहीत असतं, स्टाफला नाही. ते लिहून द्या.

तिरकस

हे सगळं मागितलं आणि त्यांनी आईवरच राग काढला तर? तुम्ही घरी येता, ती तिथे चोवीस तास आहे. सरळ खोलीत कॅमेरा लावा म्हणतो मी.

पाऊलवाट

@तिरकस, भीती रास्त आहे, आम्हालाही होती. पण तक्रार आणि मागणी यात फरक ठेवला की बरंच सोपं जातं. "अमुक सीएनएने बटण लांब ठेवलं" म्हणून गेलात की ती एकटी सापडते आणि खोलीतलं वातावरण बिघडतं. आम्ही "बाबांच्या प्लॅनमध्ये ही ओळ घाला" म्हणून गेलो. कुणाचं नाव नाही. सीएनएंनाही ते हवंच होतं, कारण नवीन आलेल्या माणसाला त्यांना तोंडी सांगत बसावं लागत नाही.

कॅमेऱ्याचं राज्यागणिक वेगळं आहे. टेक्सासमध्ये २००१ पासून कायदा आहे, इलिनॉयमध्ये २०१६ पासून, आणि खोलीत दुसरं कुणी असेल तर त्याची संमती लागते. आणि कॅमेरा काय दाखवणार, बटण लांब होतं हे. ते तर आपल्याला माहीतच आहे.

रात्रपाळी

पायऱ्या सांगते. आधी युनिटची नर्स मॅनेजर किंवा सोशल वर्कर, ईमेलवर. केअर प्लॅन मीटिंग तिमाहीपर्यंत थांबायची गरज नाही, प्रकृतीत किंवा गरजेत बदल आहे म्हणून मधेच मागता येते. नाही हललं तर प्रत्येक संस्थेत तक्रार बघणारा नेमलेला अधिकारी असतो, ग्रीव्हन्स ऑफिशियल, तुम्ही लेखी निर्णय मागितलात तर त्याला द्यावा लागतो. तक्रार केली म्हणून त्रास देणं बेकायदा आहे, हे १९८७ च्या नर्सिंग होम रिफॉर्म ॲक्टपासून चालत आलेल्या हक्कांतच आहे. त्यापुढे राज्याचा लाँग टर्म केअर ऑम्बड्समन, म्हणजे रहिवाशांची बाजू मांडणारा माणूस. पैसे नाहीत, आणि तुमच्या परवानगीशिवाय तो नाव फोडत नाही. अगदी शेवटी राज्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार, मग तपासनीस येतात.

आणि एक गंमत करा. संस्थेला मागच्या तपासणीचा अहवाल कुणालाही न विचारता वाचता येईल अशा जागी ठेवावा लागतो, बहुतेक लॉबीत बाइंडर असतं. मेडिकेअरच्या केअर कंपेअर साइटवरही सापडतो. त्यात 'कॉल लाईट' शोधा. प्रत्येक दोषाला ए ते एल असं अक्षर असतं, जितकं पुढचं तितकं गंभीर. बटणाच्या बाबतीत 'डी' दिसला तर त्याचा अर्थ प्रकार मर्यादित, प्रत्यक्ष इजा नाही पण होऊ शकली असती. दोषाखाली संस्थेने दिलेलं सुधारणेचं वचनही असतं. मीटिंगला जाताना ते वचन वाचून जा. आवाज चढवावा लागत नाही.

चिमणचारा

अवांतर: सासरे असिस्टेड लिव्हिंगमध्ये आहेत. त्यांना हेच नियम?

रात्रपाळी

नाही. हे फेडरल नियम नर्सिंग होमचे. असिस्टेड लिव्हिंगचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले. तुमच्या राज्याचे बघावे लागतील. ऑम्बड्समन मात्र तिथेही मदत करतो.

अबोली

अपडेट देते.

"दाबून दाखवा" केलं. खुर्चीत असताना सासूबाई पाच मिनिटं बटण शोधत होत्या आणि ते त्यांच्या डाव्या मांडीखाली होतं. मी नर्स मॅनेजरना तिथेच बोलावलं आणि तेच पुन्हा करून दाखवलं. काही बोलावंच लागलं नाही.

मीटिंग झाली. ओटी (तिथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट) पण आली होती. लांब वायर आली, पलंगामागून फिरवून उजवीकडे. बटणाऐवजी पॅड दिलंय, कारण रात्री झोपेत अंगठ्याने शोधायला त्यांना वेळ लागतो. खुर्चीसाठी वायर खिडकीपर्यंत पोहोचत नव्हती, तर खुर्चीच पलंगाच्या उजव्या बाजूला लावायचं ठरलं. सासूबाई नाराज, खिडकी गेली! त्यावर ओटीने पलंगच थोडा फिरवला, आता अर्धी खिडकी मिळाली.

दोन गोष्टी राहिल्यात. भिंतीवर "बटण उजवीकडे" असा कागद लावा म्हटलं तर म्हणाले प्रायव्हसीमुळे लावता येत नाही. आणि बाथरूममधली दोरी त्यांनी आधाराच्या दांडीला गोल गोल गुंडाळून ठेवलीय, पुसताना मॉपमध्ये अडकते म्हणे.

रात्रपाळी

कागदाचं: संस्थेने आपणहून रहिवाशाच्या आजाराच्या किंवा देखभालीच्या सूचना दर्शनी भागात लावू नयेत, हे बरोबर आहे. पण रहिवाशाने किंवा घरच्यांनी स्वतः मागितलं तर पलंगापाशी लावता येतं. सासूबाईंना विचार, त्यांची हरकत नसेल तर तू लेखी मागणी दे. 'उजवीकडे' एवढंच आणि एक बाण, आजाराचं नाव नको.

दोरीचं मात्र थांबू नकोस. बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला जमिनीवरून ओढता आली पाहिजे, सर्व्हेअर नेमकं तेच बघतात. दांडीला गुंडाळलेली दोरी जमिनीवरून ओढली तर दांडीच ओढली जाते. पुढच्या वेळी गेलीस की आधी सोडून टाक आणि मेंटेनन्सला सांग. मॉपमध्ये अडकते तर टोक फरशीच्या थोडं वर राहील इतकी कापून घेऊ देत.

अबोली

सोडली. सासूबाईंची हरकत नाही, फक्त म्हणाल्या बाण लाल नको, निळा काढ.

@हातखंडा, शेवटचा प्रश्न. पॅड रात्री उशीशेजारी ठेवू की कमरेशी? त्या उजव्या कुशीवर झोपतात.

हातखंडा

उजव्या कुशीवर असतील तर कमरेशी ठेवलं की अंगाखाली जाईल आणि रात्रभर दिवा लागत राहील. उशीच्या पुढे, तोंडासमोर साधारण वीतभर अंतरावर, चादरीला क्लिप करून. हात तिथे सहज येतो आणि डोळे उघडले की दिसतं. रात्री कूस बदलून डावीकडे वळवत असतील तर प्रत्येक वेळी पॅडही हलवावं लागेल, हे कूस बदलण्याच्या वेळापत्रकातच जोडून घ्या. आणि खोली बदलली तर सगळं पहिल्यापासून तपासा, कारण नव्या खोलीत सॉकेट दुसऱ्या बाजूला असू शकतं.